नागरिक सहभागाचे मुक्त सॉफ्टवेअर स्वतःच्या संगणकावर उभारताना

प्रश्न : नागरिकांच्या चर्चा, प्रस्ताव आणि सहभागी अंदाजपत्रक यांसाठी असलेले ‘कॉन्सुल’ हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर मला माझ्या लिनक्स संगणकावर डेव्हलपमेंटसाठी उभे करायचे आहे. ते ज्यावर बांधले आहे त्या रेल्स या रुबी भाषेतील वेब-चौकटीचा थोडाफार अनुभव आहे. सुरुवातीलाच रुबीची आवृत्ती जुळत नसल्याचा संदेश आला. प्रकल्पाच्या फाइलमधील आकडा बदलून तो टाळला, तर पुढे डेटाबेस तयार करताना गाडी अडली. काय करावे?

उत्तर : प्रथम तो बदललेला आकडा पूर्ववत करा. प्रकल्पाच्या मुळाशी असलेल्या ‘डॉट रुबी-व्हर्जन’ या फाइलमध्ये जी आवृत्ती लिहिलेली आहे, तीच आरबीएनव्हीसारख्या, रुबीच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाने आपल्या संगणकावर बसवावी. कारण या सॉफ्टवेअरची शेकडो जेम्स, म्हणजे रुबीची तयार पॅकेजेस, त्या आवृत्तीवर तपासून घेतलेली असतात आणि आकडा बदलल्याने संदेश नाहीसा झाला, तरी विसंगती तशीच राहते. नोड या जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीच्या बाबतीतही हेच लागू आहे. त्यानंतर जेम्स बसवणारी ‘बंडल इन्स्टॉल’ ही आज्ञा चालवताना पीजी नावाचे जेम बांधले गेले नाही, तर दोष बहुधा रुबीचा नसतो. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीची डेव्हलपमेंट लायब्ररी, म्हणजे डेबियन किंवा उबुंटूवरील ‘लिबपीक्यू-डेव्ह’ हे पॅकेज, बसवायचे राहिलेले असते. चित्रांच्या प्रक्रियेसाठी इमेजमॅजिकही लागते.

आता डेटाबेसविषयी. आपण त्रुटीचा मजकूर पाठवलेला नाही, तेव्हा या टप्प्यावर नेहमी आढळणारी तीन कारणे सांगतो. पहिले कारण ओळखीचे. पोस्टग्रेएसक्यूएल नवे बसवल्यावर स्थानिक जोडणीसाठी ‘पीअर’ पद्धत वापरली जाते, म्हणजे लिनक्समधील वापरकर्त्याचे नाव आणि डेटाबेसमधील भूमिकेचे (खात्याचे) नाव एकच असावे लागते. जोडणीचा तपशील असलेल्या ‘डेटाबेस डॉट वायएमएल’ या फाइलमध्ये आपण वेगळे नाव दिले असेल, तर ‘पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड’ असा संदेश येतो. अशा वेळी त्या फाइलमध्ये होस्ट म्हणून ‘लोकलहोस्ट’ आणि भूमिकेचा पासवर्ड लिहिला, की जोडणी पासवर्डने होते.

दुसरे कारण अधिकारांचे. भूमिकेला डेटाबेस निर्माण करण्याचा अधिकार तर हवाच, शिवाय शोधासाठी लागणारी ‘अनअ‍ॅक्सेंट’ आणि ‘पीजी-ट्रायग्राम’ ही एक्स्टेन्शन्स (जोड-सुविधा) मायग्रेशनच्या, म्हणजे डेटाबेसची रचना बसवण्याच्या, वेळी सुरू करता आली पाहिजेत. पोस्टग्रेएसक्यूएलच्या १३व्या आवृत्तीपासून ही दोन्ही एक्स्टेन्शन्स ‘विश्वसनीय’ गणली जातात आणि डेटाबेसचा मालक ती स्वतः सुरू करू शकतो. त्याआधीच्या आवृत्त्यांत मात्र सुपरयूजर, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याशिवाय, चालत नाही. स्वतःच्या संगणकावरील विकसनापुरती भूमिका सुपरयूजर करण्यास हरकत नाही. सार्वजनिक सर्व्हरवर ही सवय नेऊ नये.

तिसरे कारण एन्कोडिंगचे, म्हणजे अक्षरे साठवण्याच्या पद्धतीचे, आणि देवनागरीत काम करणाऱ्यांनी ते विशेष जपावे. ‘टेम्प्लेट१’ हा मूळ साचा एसक्यूएल-आस्कीमध्ये तयार झालेला असेल, तर यूटीएफ-८ मधील नवा डेटाबेस त्यावरून निर्माण होत नाही. ‘डेटाबेस डॉट वायएमएल’मध्ये ‘टेम्प्लेट०’ नमूद केल्यास सहसा मार्ग मोकळा होतो.

हे निस्तरल्यावर ‘डेटाबेस’ आणि ‘सीक्रेट्स’ या दोन फाइली त्यांच्या नमुना प्रतींवरून तयार झाल्या आहेत याची खात्री करा, मग डेटाबेस निर्माण करणे, मायग्रेशन आणि शेवटी ‘डीबी-डेव्हसीड’ या क्रमाने जा. ही शेवटची आज्ञा असलेला डेटाबेस रिकामा करून त्यात नमुन्याची माहिती भरते. म्हणून खरी माहिती असलेल्या ठिकाणी ती कदापि चालवू नये.

सर्व्हर सुरू होऊन ३००० या पोर्टवर पान दिसले, की पुष्कळ जण लगेच रंग आणि बोधचिन्ह बदलायला घेतात. माझा आग्रह आहे की त्याआधी एक संध्याकाळ त्या नमुन्याच्या माहितीला द्यावी. तिच्यात प्रशासक, नियंत्रक, मूल्यमापक, पडताळणी झालेला नागरिक आणि न झालेला नागरिक अशी वेगवेगळी खाती तयार मिळतात. आधी पडताळणी न झालेल्या नागरिकाच्या खात्याने आत जा. चर्चेत भाग घेता येतो, नवा प्रस्तावही मांडता येतो. पण दुसऱ्याच्या प्रस्तावाला पाठिंबा देऊ पाहिल्यावर आपली ओळख पडताळून घ्या, असे सांगितले जाते. या सॉफ्टवेअरचा गाभा त्या एका अडथळ्यात आहे. कोण बोलू शकतो आणि कोणाचे मत मोजले जाते, या दोन गोष्टी येथे विचारपूर्वक वेगळ्या ठेवलेल्या आहेत. डेव्हलपमेंटमध्ये ही पडताळणी खऱ्या लोकसंख्या नोंदींकडे जात नाही, ठरीव नमुना उत्तरावर चालते. आपल्या संस्थेसाठी सर्वांत जास्त विचार आणि काम कदाचित याच जोडणीवर करावे लागेल.

प्रश्न : मूळ सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या येत राहणार. आमचे बदल त्यात वाहून जाऊ नयेत, यासाठी काय करावे? आणि आमचा कोड खाजगी ठेवता येईल का?

उत्तर : मूळ फाइलींना शक्यतो हात लावू नका. मॉडेल, शैलीपत्रके आणि भाषांतरे यांसाठी प्रकल्पात ‘कस्टम’ नावाच्या स्वतंत्र फोल्डरांची सोय आहे. तेथे ठेवलेला मजकूर किंवा वर्तन मूळावर मात करते, आणि नवी आवृत्ती मिसळताना संघर्ष फार कमी होतात. बदलाबरोबर आरस्पेक या रुबीच्या चाचणी-साधनातील चाचणीही लिहा. संपूर्ण चाचणीसंच चालायला बराच वेळ घेतो, त्यामुळे रोजच्या कामात संबंधित फाइलपुरतीच चाचणी चालवावी.

परवान्याविषयी गैरसमज नको. कॉन्सुलचा उगम माद्रिद नगरपालिकेने २०१५मध्ये सुरू केलेल्या ‘डेसीदे माद्रिद’ या व्यासपीठात आहे आणि हे सॉफ्टवेअर एजीपीएल या मुक्त परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीखाली प्रसिद्ध झालेले आहे. बार्सिलोनाच्या ‘देसिदिम’ या अशाच व्यासपीठाचा परवानाही याच कुळातला. या परवान्यानुसार, बदललेले सॉफ्टवेअर नेटवर्कवरून लोकांना वापरायला दिले, तर त्या वापरकर्त्यांना बदललेला स्रोतकोड उपलब्ध करून द्यावाच लागतो. केवळ स्वतःच्या संगणकावर काम चालू आहे तोवर ही जबाबदारी उद्भवत नाही. पासवर्ड, गुप्त किल्ल्या आणि नागरिकांची माहिती अर्थातच यात येत नाही. मात्र त्यासाठी ‘सीक्रेट्स’ची फाइल पहिल्या कमिटपासूनच (नोंदीपासूनच) कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटच्या बाहेर राहिली पाहिजे, कारण एकदा इतिहासात गेलेली किल्ली नंतर फाइल पुसूनही तेथे वाचता येते आणि मग ती बदलण्यावाचून इलाज उरत नाही.