बार हार्बरला क्रूझ थांबते, तेवढ्या वेळात अकेडिया बघून होईल का?

सप्टेंबरमध्ये भारतातून येणाऱ्या आई-बाबांना घेऊन न्यू इंग्लंड-कॅनडाची क्रूझ करताय, अमेरिकेच्या मेन राज्यातल्या बार हार्बरला सात तास मिळणार आणि तेवढ्यात अकेडिया नॅशनल पार्क बघून होईल का, असं तुम्ही विचारलंय. सगळं नाही होणार. पण त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी बघून ठेवलंत, तर जे बघाल ते मनात राहील. मी दोनदा गेलोय, म्हणून एवढ्या खात्रीने सांगतोय.

पहिल्या वेळी आम्ही बसची सहल घेतली. कॅडिलॅक माउंटन, जॉर्डन पाँड, थंडर होल, प्रत्येक ठिकाणी पंधरा-वीस मिनिटं. थंडर होल म्हणजे लाट आत शिरली की गडगडाट होतो ती किनाऱ्यावरच्या खडकातली फट. तिथे पोचलो तेव्हा पूर्ण ओहोटी. खडकाच्या फटीत खाली कुठेतरी पाणी डुचमळत होतं, बस्स.

दुसऱ्या वेळी आई बरोबर होती. ती रत्नागिरीकडची. आदल्या रात्री तिने विचारलं, "उद्या तिथी कोणती?" पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती. "मग उधाण आहे की अजून. भरतीच्या आधी जाऊ या." हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या वाटेवर जाताना जसं आधी समुद्राला विचारावं लागतं, तसंच इथेही. फक्त तिथे ओहोटी लागते आणि थंडर होलला चढती भरती. पूर्ण भरतीच्या आधीचे एक-दोन तास सगळ्यात चांगले.

त्याचं कारण असं की गुलाबी ग्रॅनाइटमधल्या त्या अरुंद फटीच्या टोकाला, अगदी खाली, एक लहानशी गुहा आहे. लाट आत घुसली की गुहेतली हवा कोंडते आणि पाण्यासकट बाहेर फुटते. आम्ही कठड्याला धरून उभे होतो. पाणी मागे सरलं, आणि मग जो आवाज झाला तो कानांआधी कठड्यावरच्या हातांना कळला. आईचा चष्मा खाऱ्या तुषारांनी भरला. तो पुसायचं सोडून ती पुढच्या लाटेकडे बघत राहिली. आम्ही तिथे पाऊण तास होतो.

समुद्र खवळलेला असेल तर मात्र कठड्यापलीकडे एक पाऊलही टाकू नका. ऑगस्ट 2009 मध्ये बिल चक्रीवादळाच्या लाटांनी इथून माणसं ओढून नेली, त्यात एक लहान मुलगी गेली.

तर माझा सल्ला असा. जहाज फ्रेंचमन बेमध्ये नांगर टाकतं आणि टेंडर म्हणतात त्या छोट्या बोटीने धक्क्यावर आणतात. तिथून व्हिलेज ग्रीन, म्हणजे गावातली हिरवळीची बाग, चालत काही मिनिटांवर आहे. जूनअखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत आयलंड एक्स्प्लोररच्या फुकट बस तिथूनच सुटतात. सँड बीचला उतरा. वाळू हातात घेऊन बघा, तिच्यात शिंपल्यांचा चुरा दिसेल. पाणी उन्हाळ्यातही 13 अंशांच्या वर क्वचितच जातं, त्यामुळे पाय बुडवण्यापुरतंच. तिथून ओशन पाथ या किनाऱ्यालगतच्या पायवाटेने थंडर होल जेमतेम एक किलोमीटर. बाबांचे गुडघे बरे असतील तर पुढे ऑटर क्लिफपर्यंत जा, नाहीतर परतीची बस पकडा.

तुमच्या वेळेत ओहोटीच येत असेल तर बेत उलटा करा. इथे भरती-ओहोटीत 10 ते 12 फुटांचा फरक पडतो. ओहोटीच्या आधी आणि नंतर दीड-दीड तास गावातून बार आयलंडवर जाणारा खडी-गोट्यांचा पट्टा उघडा पडतो, त्यावरून चालत जाता येतं. वेळ विसरलात तर पलीकडे अडकाल, म्हणून मोबाइलमध्ये गजर लावाच.

कॅडिलॅकवर ही बस जात नाही आणि त्या दिवसांत स्वतःची गाडी न्यायची तर आधी आरक्षण लागतं. 1,530 फुटांवरून दिसतं सुंदर, पण धुकं असलं तर काहीच नाही. मी ते सोडून देईन.

पैशांचं एक: 2026 पासून अमेरिकेत न राहणाऱ्या, 16 आणि त्यावरील वयाच्या पाहुण्यांना नेहमीच्या प्रवेश शुल्काशिवाय माणशी 100 डॉलर जास्त द्यावे लागतात. आई-बाबांसाठी ते धरून चाला. आणि शेवटच्या टेंडरच्या आधी तासभर धक्क्यावर या, तेव्हा रांग बरीच लांब असते आणि म्हाताऱ्या माणसांना उभं राहणं जड जातं.