माइकपासून वीतभर

प्रश्न : एकांकिकांत माझा आवाज भरत नाट्यमंदिरात शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. नभोनाट्याच्या चाचणीत मात्र ‘भाषण वाटतंय’ असा शेरा मिळाला, शिवाय दर ‘प’ला माइक फुटला. प्रुनेला स्केल्ससारख्या ब्रिटिश अभिनेत्रींना रंगभूमी, रेडिओ, टीव्ही हे तिन्ही कसं जमलं?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : स्केल्सबाई (१९३२–२०२५) बहुतेकांना आठवतात त्या ‘फॉल्टी टॉवर्स’ या टीव्हीवरच्या विनोदी मालिकेतली सिबिल म्हणून. भाग अवघे १२ : सहा १९७५चे, सहा १९७९चे. तुमच्या प्रश्नाला त्यांची दुसरी दोन कामं जास्त उपयोगी. ‘आफ्टर हेन्री’ ही मालिका १९८५ साली बीबीसी रेडिओ ४वर सुरू झाली, १९८८मध्ये थेम्स टेलिव्हिजनने ती टीव्हीवर आणली. दोन्हीकडे सारा या विधवेची भूमिका त्यांचीच. नाटककार ॲलन बेनेटच्या ‘अ क्वेश्चन ऑफ ॲट्रिब्यूशन’ या नाटकातली राणी एलिझाबेथ त्यांनी १९८८मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरात केली आणि १९९१मध्ये बीबीसी टीव्हीवर. पात्र तेच, ऐकणाऱ्याचं अंतर बदललेलं. तुमचं घोडं तिथंच अडलंय.

रंगमंचावर आवाज फेकायची सवय लागते, त्यामुळे वाक्याचा शेवटही उचलला जातो. रेडिओचा श्रोता कानाशी बसलेला असतो, त्याला तो उचललेला शेवट सभेतला वाटतो. समोर हातभर अंतरावर एकच माणूस आहे असं धरून बोला. आवाज उतरवा, पण जोर उतरवू नका. नवखे नेमके दोन्ही उतरवतात आणि पात्र झोपाळू होतं.

माइकपासून वीतभर, म्हणजे आठ-नऊ इंच, उभं राहा. त्याहून जवळ गेलात तर बहुतेक स्टुडिओ माइकवर आवाज घुमारेदार होतो; कुजबुजीला ते चालतं, एरवी नाही. ओरडायचं असेल तर पाऊलभर मागे सरा आणि तोंड किंचित वळवा.

‘प’ फुटतो तो आवाजामुळे नव्हे, ओठांतून सुटलेला वाऱ्याचा झोत थेट माइकवर आदळतो म्हणून. ‘ब’, ‘भ’चंही तेच. माइकच्या नाकासमोर न बोलता थोडं तिरकं, त्याच्या कडेवरून बोला. आपल्या ‘फ’चा त्रास वेगळा : तो फुटत नाही, फुसफुसतो. त्यावरही तिरकं बोलणं हाच उपाय.

संहिता एकाच बाजूला छापलेली, पिन काढलेली हवी. पान उलटू नका, हळूच बाजूला सरकवा. वाक्य पानाच्या तळाशी तुटत असेल तर उरलेले शब्द त्याच पानावर हातानं लिहून घ्या. बांगड्या काढा. रेशमी साडीही नको, ती सळसळते आणि ध्वनिमुद्रण करणारा उगाच वायर तपासत बसतो.

टीव्हीच्या स्टुडिओ विनोदिकेत प्रेक्षक समोर असले तरी माइक डोक्यावर बूमला, म्हणजे लांब दांड्याला, असतो. हशा संपेपर्यंत थांबा, पण आवाज प्रेक्षकांकडे फेकू नका.

प्रश्न : घरी सराव कसा करावा?

उत्तर : कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करा, पाठीमागे गोधडी टांगा, खोलीचा घुमारा बराच कमी होतो. मोबाइल वीतभर अंतरावर, तोंडाच्या जरा कडेला ठेवा. झोत कळायला मेणबत्ती (कपाटापासून लांब!) : वीतभरावर ठेवून ‘पापड भाजला’ म्हणा. समोरून बोलताना ज्योत हलणारच. तोंड वळवत जा, ज्या कोनाला ती स्थिर राहील तो तुमचा कोन.