गावी जायचं, पण कोणत्या घरात?

साठीच्या आसपासची जोडपी माझ्याकडे येतात तेव्हा प्रश्न बहुधा एकच असतो. आता शहर पुरे झालं, कुठेतरी शांत जागी जावं म्हणतो, कुठे जावं आणि कधी? विचारतो तो नवरा. बायको शेजारी पर्स मांडीवर घेऊन बसलेली असते आणि तिला काहीच विचारायचं नसतं. मला तिच्या त्या गप्प बसण्याची जास्त काळजी वाटते.

मी वर्ध्यात समुपदेशन करते. इथे सांगते आहे त्या जोडप्याची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांना काकाजी आणि काकूच म्हणते, समोरही तेच म्हणायची.

काकाजी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात होते, नोकरीची बहुतेक वर्षं नागपुरात. वयाची साठ वर्षं पूर्ण होऊन 30 जूनला निवृत्त व्हायचे होते. बेत पक्का होता: 1 जुलैला सामान ट्रकमध्ये आणि आपण आर्वी तालुक्यातल्या आपल्या गावी. तिथे वडिलोपार्जित वाडा, नऊ एकर शेत, एक विहीर. शेत वाहणारा लहान भाऊ. फ्लॅट विकायचा, ग्रॅच्युइटी आणि विक्रीचे पैसे मिळाले की वाड्यामागच्या कोठ्याच्या, म्हणजे गोठ्याच्या, जागेवर पक्कं घर बांधायचं.

"मॅडम, माह्यं तं ठरलं हाये. फक्त हिले समजावून सांगा."

असं कोणी म्हटलं की मी आधीच सांगून टाकते, समजावून सांगण्याचं काम माझ्याकडे होत नाही. तुम्ही दोघं एकमेकांना काय सांगत नाही आहात, ते शोधायला मदत होऊ शकते. काकाजींना ते फारसं पटलं नाही. काकू पहिल्यांदा माझ्याकडे पाहून हसल्या.

मी काकाजींना विचारलं, गेल्या काही वर्षांत गावी कोणकोणत्या महिन्यात राहिलात? पोळ्याला जातो म्हणाले, दिवाळीला जातो, लग्नकार्याला जातो. म्हणजे शेतं हिरवीगार, नाहीतर कापूस फुटलेला, तूर फुलोऱ्यावर आलेली, घरात पाहुण्याचा मान आणि दोन-तीन दिवसांत परत. आमच्याकडे विदर्भात या दिवसांत गाव पाहून कोणीही तिथे राहायला जायला तयार होईल. मेच्या शेवटच्या आठवड्यात रोहिणी नक्षत्र लागून नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होतो, वर्ध्यात पारा 45 च्या वर जातो, वीज गेली की कूलर बंद आणि दुपारी बारा ते पाच माणसाला घराबाहेर पाऊल टाकता येत नाही. त्या दुपारी तुम्ही काय करणार, हा प्रश्न मी सगळ्यांनाच विचारते. नोकरीत असताना दुपार कुठे जाते ते कळत नाही. निवृत्तीनंतर दिवसाचा सगळ्यात मोठा तुकडा तोच असतो. आणि श्रावणात काळ्या मातीची पांदण अशी होते की बुटाला किलोभर चिखल घेऊन घरी यावं लागतं. तेव्हा बसस्टँडपर्यंत कसे जाल?

"जाऊ नं. जनम तिथंच झाला आमचा."

झाला होता खरा. पण मॅट्रिकनंतर ते तिथे सलग महिनाभर राहिलेच नव्हते.

काकूंना मी दुसऱ्या वेळी एकटीला बोलावलं. त्यांना गाव नको असेल, शहराची सवय झाली असेल, असं काकाजींनी गृहीत धरलेलं. काकू म्हणाल्या ते वेगळंच होतं. "गावाचं काई नाई मॅडम. माह्या माहेरी बी शेतीच हाये. पण त्या वाड्यात मी मोठी सून असून पाहुणी हावो. चूल लहान्या जावेच्या हातात. तिचं बरोबरच हाये, सासूचं सारं तिनं केलं, हागणं-मुतणं काढलं. मी नागपूरले होती. आता या वयात तिथं जाऊन चहा कराचा तं मले तिले विचारा लागन."

नागपुरात काकूंची भिशी होती, गुरुवारचं भजन होतं, गुडघ्याचे आणि बीपीचे डॉक्टर पायी जाण्याच्या अंतरावर होते. पण त्यांनी या कशाचाच उल्लेख आधी केला नाही. आधी आली ती चूल.

मग काकाजींना विचारलं, शांत जागा म्हणता तेव्हा डोळ्यांसमोर नेमकं काय येतं? ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "सकाळी धुऱ्यावर जाऊन बसाचं. बस." वाडा नाही, वाड्यातली माणसंही नाहीत, धुरा, शेताचा बांध. बाबूजींसोबत लहानपणी ते तिथे बसत.

इथे माझ्या दृष्टीने गाठ सुटायला लागली. ‘गावी जाणं’ हा दोघांनी एकच सौदा धरला होता, घ्यायचा तर पूर्ण किंवा मुळीच नाही. पण त्यात निदान तीन वेगळ्या गोष्टी असतात: शेत, घर आणि माणसं. काकाजींना शेत हवं होतं. काकूंना ते घर नको होतं. यात भांडण कुठे आहे?

तरी मी लगेच उपाय सुचवला नाही. काकाजींची रजा शिल्लक होती. मी म्हटलं, मे महिना वाड्यात काढून या, दोघांनी, नवतप्यासकट. पाहुणे म्हणून नाही, किराणा आपला, भाजी आपली.

उन्हाचं जे व्हायचं ते झालं. काकाजींच्या अंगावर घामोळं आलं, काकूंनी कूलरमध्ये पाणी भरता भरता कंबर धरली. महत्त्वाचं घडलं ते दहा-बारा दिवसांनी. लहान भाऊ, जो आल्यापासून नीट बोलत नव्हता, एका रात्री अंगणात बाजेवर बसून म्हणाला, "भाऊ, हिस्से पाडाले आले काय?"

काकाजी मला हे सांगताना अजूनही अस्वस्थ होते. त्यांच्या मनात तसं काही नव्हतं. पण भावाच्या बाजूने पाहा. तीस वर्षं शेत त्याने वाहिलं, कर्ज त्याच्या नावावर, बोंडअळीचं वर्ष त्याने सोसलं. आता मोठा भाऊ पेन्शन घेऊन येतो आणि कोठ्याच्या जागेवर पक्कं घर बांधायचं म्हणतो. गावात चर्चा होणारच, आणि ती भावाच्या कानावर आधी जाणार.

कागदही पाहायला लावले. वडील गेल्यावर वारसाचा फेरफार झाला होता, सातबारावर दोन्ही भाऊ आणि बहीण अशी तिघांची नावं, वाटणी झालेली नाही. बहिणीचा हक्क भावांइतकाच आहे, 2005 च्या दुरुस्तीनंतर तर वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मानेच हिस्सेदार असते. वाडा आणि कोठा गावठाणातला, ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, अजून आजोबांचं नाव. अशा सामाईक जागेवर आयुष्याची पुंजी विटा-सिमेंटमध्ये घालणं म्हणजे भावाशी भांडण विकत घेणं, आणि उद्या गरज पडली तर ते घर गावात घेणार कोण? मी पैशांची सल्लागार नाही, पण एक गोष्ट प्रत्येक जोडप्याला सांगते: निवृत्तीच्या पहिल्या वर्षी एकही वीट रचू नका. हातात एकदम रक्कम आली की ती खर्च करायची घाई होते. निवृत्तीनंतर काकाजींनी मोठा भाग पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकला. तिची मर्यादा 2023 पासून 30 लाख आहे, मुदत 5 वर्षांची, व्याज दर तिमाहीला खात्यात. बांधकामाचा विषय आपोआप थंडावला.

फ्लॅटवर आणखी एक नजर होती. पुण्यातल्या मुलाने सुचवलं होतं की तो विकून पैसे इकडे द्या, मोठं घर घेऊ, तुम्ही कधीही या. मुलगा चांगला आहे, त्याच्या मनात पाप नाही. तरी मी सांगितलं, द्यायचंच असेल तर बक्षीसपत्रात ‘आमचा सांभाळ करायचा’ ही अट लिहून घ्या. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 चा आधार तेव्हा भक्कम मिळतो. अट लिहिलेली नसेल तर नंतर न्यायाधिकरणासमोर हात चोळत बसावं लागू शकतं. काकूंनी फ्लॅट भाड्याने द्यायचं ठरवलं. हो, काकूंनी. तोपर्यंत त्या बोलायला लागल्या होत्या.

जूनच्या बैठकीत मी तो प्रश्न विचारला, जो विचारताना अजूनही माझा आवाज खाली जातो. दोघांपैकी एकच उरलं, तर ते माणूस या जागी राहील का?

काकाजी चिडले. "मॅडम, असं अभद्र कायले बोलता?"

काकू शांतपणे म्हणाल्या, "मी नाई राहाची वाड्यात. आणि मी आधी गेली तं तुमी नागपूरच्या फ्लॅटमंदी एक दिवस काढत नाई. तुमाले कुकर लावता येत नाई."

माझ्या अनुभवात जागेचा निवाडा इथे होतो. दोघं असताना कुठलीही जागा चालून जाते, एकमेकांच्या आधाराने उणीव झाकली जाते. म्हणून जागा निवडताना एकट्याचा हिशेब मांडावा. भाजी, औषध, बँक, बस पायी गाठता येतात का? रात्री हाक मारली तर कोण येईल? आणि ते येणारं माणूस नवऱ्याच्या नात्यातलं आहे की बायकोच्या?

या शेवटच्या प्रश्नावर काकूंना आपली मावसबहीण आठवली. ती आर्वीत राहते. आर्वी तालुक्याचं ठिकाण, उपजिल्हा रुग्णालय आहे, आणि मोठ्या दुखण्याला वर्ध्याजवळ सेवाग्राम किंवा सावंगीचं रुग्णालय. काकाजींचं गाव तिथून एसटीने अर्ध्या तासावर. शेताला जाता येतं, वाड्यात झोपावं लागत नाही. नकाशावर हे आधीपासूनच होतं. पण ‘गाव की नागपूर’ असा वाद सुरू असताना आर्वी कोणाच्या तोंडीच येत नव्हतं.

मला दोन टोकांच्या मधलं गाव निवडायला सांगणं एरवी आवडत नाही. दोघांनाही नको असलेली जागा ही तडजोड नसते, ती दोघांची शिक्षा असते. इथे ते चाललं, कारण काकूंचं स्वतःचं माणूस तिथे होतं.

राहिला ‘कधी’चा प्रश्न. 1 जुलै तर मी पहिल्याच दिवशी मनातून खोडला होता. नोकरी सुटणं आणि घर सुटणं हे दोन धक्के एकाच आठवड्यात नसावेत. त्यातून पावसाळ्याची सुरुवात, पेन्शन सुरू व्हायची, काकाजींच्या डोळ्याचं ऑपरेशन नागपुरातच उरकायचं. शेतीचं वर्षही जुलैत सुरू होत नाही. आमच्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षभराच्या गड्याचं, साल आणि शेत ठोक्याने, ठरावीक रकमेवर कसायला, द्यायचं बोलणं गुढीपाडव्याच्या आसपास होतं. पेरणी झालेल्या शेतात जुलैमध्ये जाऊन मोठ्या भावाने करायचं तरी काय, सूचना? त्यापेक्षा वाईट काही नाही.

म्हणून दिवाळीनंतर आर्वीत भाड्याचं घर, आणि पाडव्याला भावासोबत बसून बोलणं. ते बोलणं काकाजींनी स्वतः केलं, बहिणीलाही बोलावलं. विहिरीजवळचे दोन एकर मी पाहतो, बाकी जसं आहे तसं, वाटणीचा विषय तू काढेस्तोवर मी काढत नाही. भावाने विचारलं म्हणे, पेराचं काय? काकाजी म्हणाले, भाजीपाला. भाऊ हसला. त्या हसण्यावर काकाजी माझ्याकडे बराच वेळ बोलले.

औषधपाण्याचं एक सांगायचं राहिलं, कारण केंद्राचे पेन्शनर हे नेहमी विचारतात. सीजीएचएसची, म्हणजे केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेची, सोय विदर्भात नागपूरला आहे. त्या क्षेत्राबाहेर राहायला गेलं की रोजच्या औषधोपचारासाठी महिन्याला 1,000 रुपयांचा निश्चित वैद्यकीय भत्ता निवडता येतो आणि भरती व्हायची वेळ आली तर कार्ड कामी येतं. पत्ता बदलण्यापूर्वी हा पर्याय नीट लिहून द्यावा. राज्य सरकारच्या आणि जिल्हा परिषदेच्या पेन्शनरांचे नियम वेगळे आहेत, त्यांनी आपल्या कोषागारात विचारावं. हयातीचा दाखला नोव्हेंबरात कुठूनही देता येतो, त्यासाठी नागपूर धरून बसायची गरज नाही.

आता काकाजी सकाळी गाडीने शेतावर जातात, अकराच्या आत परत येतात. पावसाळ्यात एसटी. महिलांना 2023 पासून अर्धं तिकीट असल्यामुळे काकू सोबत निघाल्या की त्यांचं अर्धं आणि काकाजींचं पूर्ण. पासष्टी लागेपर्यंत हे असंच चालणार, याचा त्यांना मनापासून राग आहे. वांगी बरी झाली, टमाटर गेले. दुपारच्या त्या बारा ते पाचचं उत्तर अजून पूर्ण सापडलेलं नाही. काही दिवस वाचनालय, काही दिवस नुसती चिडचिड. काकू म्हणतात, नागपूरलेही हे असंच झालं असतं. मला ते खरं वाटतं.

काकूंचा परवा फोन आला. मला वाटलं काही बिनसलं. पण विषय दुसराच होता. धाकट्या जावेचा मुलगा आर्वीत कॉलेजला यायचा आहे, आणि जाऊ हळूच विचारते आहे की आपल्यालाही तिकडे दोन खोल्या मिळतील का, तिच्याही गुडघ्यांना आता वाड्याचा उंबरठा झेपत नाही.

"काय सांगू तिले?" काकू म्हणाल्या.

मी म्हटलं, "तिच्या नवऱ्याला माहीत आहे का?"

"नाई नं."

"मग दोघांना घेऊन या."