बुडी मारण्याआधी भराभर श्वास घ्यावेत का?

प्रश्न : माझा १५ वर्षांचा मुलगा उन्हाळ्यात विहिरीवर पोहायला जातो. बुडी मारण्याआधी तो दहा-पंधरा वेळा भराभर खोल श्वास घेतो. त्याने दम जास्त टिकतो म्हणे. हे बरोबर आहे का?

उत्तर : दम जास्त टिकतो हे खरं, आणि धोका नेमका तिथेच आहे. ही सवय त्याला आजच सोडायला लावा.

श्वास कोंडल्यावर होणारी घुसमट मुख्यतः ऑक्सिजन संपल्याने होत नाही, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्याने होते. त्याचा दाब एरवी ४० मिलिमीटर पाऱ्याइतका असतो. तो ५०च्या आसपास गेला की श्वासपटल आपोआप आचके देऊ लागतं आणि पोरगं वर येतं. भराभर श्वासांनी हा वायू बाहेर फेकला जातो. ऑक्सिजन मात्र जेमतेमच वाढतो, कारण निरोगी माणसाचं हिमोग्लोबिन आधीच ९७-९८ टक्के भरलेलं असतं. शिदोरी तेवढीच राहते, भूक तेवढी उशिरा लागते. हातपाय मारताना स्नायू ऑक्सिजन ओढतच असतात, त्यामुळे घुसमट जाणवण्याआधीच शुद्ध हरपू शकते.

खोल विहिरीत आणखी एक गोष्ट घडते. ५ मीटर खाली दाब दीडपट असतो, म्हणून फुप्फुसातला उरलासुरला ऑक्सिजनही रक्तात शिरत राहतो. वर येताना दाब उतरतो आणि तो पुरवठा एकदम तुटतो. त्यामुळे तळाचा दगड हातात घेऊन वर निघालेला मुलगा शेवटच्या हातभर पाण्यात बेशुद्ध पडू शकतो. ना ओरडा, ना धडपड. काठावरच्यांना वाटतं, अजून बुडीतच आहे.

बुडीआधी दोन-तीन संथ श्वास पुरे. बोटांना, ओठांना मुंग्या आल्या किंवा गरगरलं, तर पाण्यात उतरायचंच नाही. घुसमट जाणवताच वर यायचं, आणि जितका वेळ खाली होता त्याच्या निदान दुप्पट वेळ काठाला धरून थांबायचं. एकट्याने बुडी नाहीच. काठावरच्या एकाने फक्त त्याच्यावरच नजर ठेवायची.

बेशुद्ध मुलाला बाहेर काढल्यावर उलटं टांगू नका, पोट दाबून पाणी काढत बसू नका. उताणं झोपवा. श्वास चालू नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छातीवर ३० दाब आणि २ श्वास हा क्रम चालू ठेवा. दुसऱ्याने तोवर १०८ला फोन लावावा.