सड्यावर, म्हणजे सपाट खडकाळ पठारावर, नुसता कातळ आणि गवत आहे, तिथे झाडं लावली तर जगतील का?

बहुतेक मरतील, आणि मेलेलीच बरी. हे शहाणपण मला एका सड्यावर स्वतः पहार चालवून आलंय. पावसाळ्यात खड्ड्यांत पाणी तुंबलं, मुळं कुजली. जी चार-दोन रोपं तगली ती एप्रिलात होरपळली. खाली सलग जांभा खडक, वर माती कुठे बोटभर, कुठे तेवढीही नाही. चार महिने दलदल, नंतर तापलेला तवा.

सातबाऱ्यावर अशी जागा पोटखराब्यात, म्हणजे लागवडीला अयोग्य जमिनीत जाते, म्हणून आपल्याला ती रिकामी वाटते. सप्टेंबरात जा आणि गुडघे टेकून बघा. (पँट भिजणार, इलाज नाही.) पाणी झिरपतं तिथे नखाएवढी जांभळट निळी फुलं असतात, सीतेची आसवं. दिसायला अगदी गरीब! पण चिखलात त्यांच्या बारीक पिशव्या दडलेल्या असतात. एखादा सूक्ष्म जीव पिशवीच्या तोंडावरच्या केसाला लागला की झडप आत उघडते आणि तो पाण्यासकट ओढला जातो, डोळ्याचं पातं लवायच्या आत. शेजारीच दवबिंदू नावाच्या रोपाच्या लालसर पानांवर चिकट थेंब आणि त्यांत अडकलेली चिलटं. या मातीत नायट्रोजन फारच कमी, म्हणून दोघी शिकारीवर भागवतात. तुम्ही खत घालून रोपं जगवायला गेलात, तर गवत माजेल आणि आधी याच दबून जातील.

गेंद, कवला, तेरडा तर उभ्यानेही दिसतात. वायतुऱ्याचा गुलाबी तुरा बेचक्यासारखा दुभंगलेला असतो. उन्हाळ्यात मात्र वर काहीच नाही, सगळा जीव जमिनीखालच्या कंदात. ट्रायपोगॉन नावाचं गवत त्याहून चिवट. सुकून कुरकुरीत झालेली त्याची पानं पाऊस पडला की पुन्हा हिरवी होतात.

2012 साली पश्चिम घाटातल्या ज्या जागा जागतिक वारशात गेल्या, त्यांत साताऱ्याजवळच्या कासचा असाच सडा आहे.

झाडं लावायचीच असतील तर सडा सोडून खाली, माती खोल आहे तिथे लावा, तीही त्याच भागातली. फक्त आधी तिथे टोपली कारवी नाही ना, एवढं जाणत्या माणसाला विचारा. ती सात वर्षांनी एकदा फुलते आणि मधल्या वर्षांत लोक झुडूप समजून साफ करतात.