आराखडा पूर्ण होण्याआधीच उड्डाण सुरू करा

प्रश्न : आम्ही सांगली जिल्ह्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयाचे अकरा विद्यार्थी अमेरिकेतील ‘सुआस’ या विद्यार्थ्यांच्या मानवरहित विमान स्पर्धेची तयारी करीत आहोत. ठरवून दिलेल्या बिंदूंवरून विमानाने आपोआप जाणे, जमिनीवरील वस्तू ओळखणे आणि वरून सामान सोडणे, असे तिचे स्वरूप असते. गेल्या वर्षी आमच्या ज्येष्ठ विद्यार्थ्यांचे विमान एप्रिलअखेर तयार झाले आणि तिसऱ्याच उड्डाणात कोसळले. म्हणून या वेळी फेब्रुवारीपर्यंत आराखडा, मार्चमध्ये बांधणी, एप्रिलमध्ये ऑटोपायलट आणि मेमध्ये चाचण्या असे ठरवले आहे. ते योग्य आहे का? (ऑक्टोबर, एक विद्यार्थिनी)

उत्तर : तुमच्या नियोजनात कष्टांची तयारी दिसते, पण त्याचा क्रम गेल्या वर्षीचाच आहे, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते. स्वतः बांधलेले नवे विमान आणि नवा ऑटोपायलट एकाच वेळी हवेत गेले, तर बिघाड झाल्यावर दोष पंखाचा, सर्व्होचा (नियंत्रणाच्या फळ्या हलवणाऱ्या छोट्या मोटरचा), चुकलेल्या गुरुत्वमध्याचा की नियंत्रणाच्या आकड्यांचा, हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून याच महिन्यात बाजारात मिळणारे फोमचे साधे विमान घ्या आणि स्पर्धेत वापरायचा फ्लाइट कंट्रोलर, म्हणजे ऑटोपायलट चालवणारा छोटा संगणक, त्यातच बसवा. आर्डूपायलटसारखी खुली ऑटोपायलट प्रणाली लॅपटॉपवर विमानाशिवायही चालवून पाहता येते, त्यामुळे मार्ग आखण्याचा सराव मैदानावर जाण्यापूर्वीच होतो. मैदानावर आधी हाताने, मग ऑटोपायलटच्या साहाय्याने आणि शेवटी पूर्ण स्वयंचलित, अशा पायऱ्यांनी जा. प्रत्येक उड्डाणाची नोंद त्याच संध्याकाळी सर्वांनी मिळून वाचा. तुमचे स्वतःचे विमान दुसऱ्या गटाने त्याच काळात बांधावे. ते तयार होईल तेव्हा ऑटोपायलट तुमच्या ओळखीचा झालेला असेल.

फोमच्या विमानाचा दुसरा उपयोग मला अधिक मोलाचा वाटतो. वस्तू ओळखणारी संगणकप्रणाली गच्चीवरून काढलेल्या छायाचित्रांवर शिकवली, तर ती हवेत हमखास अडखळते. विमान सेकंदाला 15 मीटर वेगाने जात असताना शटर सेकंदाच्या शंभराव्या भागाइतका वेळ उघडे राहिले, तर तेवढ्यात ते 15 सेंटिमीटर पुढे सरकते आणि जमिनीवरची लहान वस्तू पुसट होते. तेच शटर हजाराव्या भागावर आणले की हे अंतर दीड सेंटिमीटर होते. मोटरच्या कंपनांचा परिणाम याखेरीज असतोच. त्यामुळे डिसेंबरअखेर हवेतून घेतलेली छायाचित्रे हाताशी हवीत. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सकाळी वारा शांत असतो. एप्रिल-मेमधील तापलेल्या दुपारी आणि वळिवाच्या दिवसांत नवशिक्या संघाने पहिल्या चाचण्या घेऊ नयेत.

उड्डाणाच्या जागेबाबत 2021 चे ड्रोन नियम तुमच्या बाजूचे आहेत. मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थेला संशोधनासाठी, हरित क्षेत्रात (जेथे उड्डाणाला पूर्वपरवानगी लागत नाही) आणि स्वतःच्या आवारात किंवा ताब्यातील मोकळ्या जागेत उडवायचे असेल, तर वैमानिक परवाना व नोंदणी क्रमांक लागत नाही. मात्र जागा हरित क्षेत्रात आहे का, हे डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशावर आधी पाहा आणि 400 फुटांची मर्यादा पाळा.

परदेशी स्पर्धेमुळे दोन गोष्टी आजच ठरवाव्या लागतील. अमेरिकेत सर्रास वापरली जाणारी 915 मेगाहर्ट्झची टेलिमेट्री (विमान आणि जमीन यांच्यातील माहितीचा रेडिओ दुवा) भारतात विनापरवाना चालत नाही. येथे त्यासाठी 865 ते 868 मेगाहर्ट्झचा पट्टा खुला आहे. तेव्हा रेडिओचे दोन संच लागतील आणि तेथे पोहोचल्यावर पल्ल्याची चाचणी नव्याने करावी लागेल. दुसरी गोष्ट बॅटरीची. 22.2 व्होल्ट आणि 10 अँपिअर-तासांची बॅटरी 222 वॅट-तासांची होते, आणि 160 वॅट-तासांवरील सुटी लिथियम बॅटरी प्रवासी विमानात नेता येत नाही. 100 वॅट-तासांखालील लहान बॅटऱ्या समांतर जोडण्याची सोय आराखड्यातच करा, किंवा तेथेच विकत घेण्याचे पैसे अंदाजपत्रकात धरा.

अकरा जणांपैकी दोघांना आजपासून फक्त हाताने उडवण्याचे काम द्या. ऑटोपायलट चुकला की क्षणात ताबा घेणारा हात त्यांचा असेल, आणि हा सराव मे महिन्यात सुरू करून होत नाही.