गादीवाफ्याच्या तळाशी खडी घालावी का? नको!

जमीन काळी, पावसात जमिनीपेक्षा उंच उठवलेल्या वाफ्यातही पाणी तुंबतं, म्हणून तळाशी खडी आणि मातीत वाळू घालू का, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही नको. ठासून सांगतेय, कारण हा वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही.

आम्ही सांगली जिल्ह्यातले, कृष्णाकाठची काळी. थोरले भाऊजी बांधकामातले, त्यामुळे परसातले वाफेही त्यांनी इमारतीसारखेच उठवले. विटांच्या भिंती, आतून सिमेंटचा गिलावा, तळाशी वीतभर खडी, वर शेतातली माती आणि चार पाट्या वाळू. मी तेव्हाच म्हटलं, भाऊजी, ही टाकी झाली. "पाण्याला खाली उतरायला जागा नको? तुला काय कळतंय त्यातलं!" हळद लावली. आषाढात पानं पिवळी पडली, श्रावणात गड्डा दाबला तर बोटाखाली पिचकला, आणि वास विचारू नका. भाऊजींचं निदान काय, तर बेणं खराब. त्याच बेण्याची हळद पलीकडे साध्या वरंब्यावर मजेत उभी होती, ती त्यांना दिसेना.

खडीने निचरा होतो हा गैरसमज आहे. बारीक मातीतल्या फटी पाणी धरून ठेवतात, खडीतल्या मोठ्या पोकळ्यांना ते ओढता येत नाही. वरची माती पूर्ण चिंब झाल्याशिवाय पाणी खडीत उतरतच नाही. ओला स्पंज आडवा धरा, ठिबकायचा थांबला की उभा करा, पुन्हा ठिबकेल. उंची वाढली की अडलेलं पाणी सुटतं. म्हणजे मातीची उंची हवी, आणि खडीने तीच खाल्लेली असते. वाळूचं म्हणाल तर अर्ध्याहून जास्त असेल तरच फरक पडतो. थोडीशी घातली की चिकणमाती उलट घट्ट बसते.

भाऊजी गावाला गेले तेव्हा गवंडी बोलावून भिंतींच्या बुडाशी भोकं पाडून घेतली, खडी उपसली, खालची जमीन टिकावाने सैल केली आणि बाहेरून उताराकडे चर काढला. दोन घमेली मातीला एक घमेलं शेणखत, पण पूर्ण कुजलेलं. कच्च्या शेणाबरोबर हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते. वर पालापाचोळा. जागा रिकामी असली तर जूनमध्ये ताग पेरा, फुलावर आला की खत म्हणून तिथेच गाडा. खत कुजून वाफा दरवर्षी खाली बसतो, तेव्हा भर घालावीच लागते. आणि वाफसा आल्याशिवाय, म्हणजे माती चिखल न होता भुसभुशीत होण्याइतकी सुकल्याशिवाय, काळ्या मातीला हात लावायचा नाही, पाय तर मुळीच नाही.

कुणी जिप्सम सुचवलं तर आधी माती तपासून घ्या. ते चोपण, म्हणजे सोडियम साठून बिघडलेल्या, जमिनीचं औषध आहे, प्रत्येक काळ्या जमिनीचं नाही. हो, आणि हे सगळं काळ्या मातीचं झालं. कोकणातल्या जांभ्यावर पाणी टिकत नाही हीच तक्रार असते, तिथे माझं चराचं ऐकू नका.

कडेला लाकूड की विटा? आमच्याकडे वाळवी फार, म्हणून विटा. तुमच्याकडचं तुम्ही बघा. फक्त घरात कुणी बांधकामातलं असेल, तर बुडाशी भोकं पडेपर्यंत तिथून हलू नका.